अकोल्यात गोधडी

संत्री न्यायले जुना फ्रिजवाला कंटेनर पाहाले आमी अकोल्याले गेलो, ते सांगतो. मे महिना. मालक म्हणे, "मशीन कडक थंड करते." बायको मले हळूच म्हणे, "उन्हातून आलो आपण, आपल्याले काहीबी थंडच वाटन."

दार उघडलं, त आत एक म्हातारे बाबा झोपून. मालक ओशाळला. "आमचे वडील हायेत. दुपारी घरच्या कुलरनं भागत नाही, म्हणून इथं येऊन पडतात."

बायकोनं विचारलं, "काहो बाबा, थंड करते का गाडी?"

"दार लाव ना माय," बाबा म्हणाले, अन् गोधडी कानावर ओढली.

मे महिन्यात, अकोल्यात, गोधडी. सौदा तिथंच पक्का झाला. बाबाले खाली उतरवता उतरवता मात्र संध्याकाळ झाली.