गाळ्याच्या भाड्याचा निम्मा वाटा

आमचं मूळ खाडीकडच्या गावातलं, भातशेतीवाले आम्ही, लग्न होऊन मनवेलपाड्यात आले तेव्हा दीर लहान होता, पुढे त्याचं लग्न झालं आनि नंदा आली, माझी धाकटी जाऊ. आमच्यात एक रीत, भाऊ दोन तर वाटे दोन, अगदी सारखे, त्यात कोनी बोलायचं नाय. सासऱ्यांनी भांडीसुद्धा तशीच वाटली, एक पळी जास्तीची उरली ती देवळात दिली. ती रीत माझ्या डोक्यात पक्की बसलेली.

तर आम्ही दोघींनी मिळून एक गाळा भाड्याने घेतला. माझा मसाला, मिरची भाजायची, मशीनवर कांडायची. नंदाचे तांदळाचे पापड, सगळं हातानं, कोपऱ्यात पोळपाट-लाटनं घेऊन बसायची, आनि पापड असे की पार आगाशी गावातून बाया यायच्या. मिरची माझी मी आनायची, पीठ तिचं तिने, ते सरळ होतं. पन भाडं, लाइटबिल, टेम्पोवाला, हे कोनाचं? मी म्हटलं, निम्मं निम्मं, सख्ख्या जावा आहोत ना आपन. मला वाटलं केवढा न्याय केला मी, वयानं मोठी म्हनजे अक्कल पन मोठीच असनार.

काय सांगू तुम्हाला, मशीन दिवसभर चालायची ती माझी. तिच्या वाट्याला एक पंखा, तोही पापड उडतात म्हनून ती बंदच ठेवायची. आनि बिल निम्मं भरायची, अशी वर्षं गेली. महिना संपला की माझ्या हातात चार पैसे उरायचे, तिच्या हातात काय नाय. मी वही दाखवायचे, बघ नंदा, पापडात काय सुटत नाय. ती मान हलवायची. मग मीच बोलले, तुझ्या हाताला वेग नाय, बंद कर. तिने केलं. आता लोकांच्या घरी पोळ्या करते, रोज तीन बिल्डिंगा चढते.

मला वाटलं, तोटा गेला. पुढच्या महिन्यात बघते तर भाडं तेवढंच, बिल तेवढंच, टेम्पोवाला मागतोय तेवढंच, आनि सगळं एकट्या मसाल्यावर. मसाला पन बुडायला लागला. तेव्हा हिशेब लिहिनारी एक बाई आनली, तिने एवढंच विचारलं, मशीन कोनाची चालते आनि जागा कोनी किती अडवली? त्या मापाने तिने खर्च वाटून दाखवला, तर पापड पहिल्यापासून कमावत होते, माझाच मसाला नंदाच्या पैशावर चालला होता. मला लाज वाटली, खरंच सांगते, दोन दिवस जेवन गेलं नाय.

मग गेले तिच्या घरी, सगळं सांगितलं, तुझे पैसे देते म्हटलं, परत ये म्हटलं. ती कनीक मळत होती, हात थांबवले नाय तिने. म्हनाली, ताई, बिलाचं सोड, मी इतकी वर्षं समजत होते माझ्याच हातात काय नाय.

आता दर महिन्याला थोडे थोडे देते, ती घेते, चहा पन करते, पन परत यायचं नाव काढत नाय. ते तिच्या मनात मीच भरवलं ना. देव तिचे हात बरे ठेवो, एवढंच म्हनते मी सकाळी, आनि मशीन चालू करते.