चाळीस दारांवरच्या खुणा

म्हाताऱ्या सुताराच्या डोळ्यांत थेंब घालून नर्स मागे सरली, पण तिचे कान तिथेच राहिले. शेजारी त्याची मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

"गेममधलं दार तू घडवतेस म्हणजे नक्की काय करतेस?"

"बाबा, कॉम्प्युटरमध्ये दार म्हणजे नुसता कोरा खोका. त्यावर मी आपल्या घरातल्या दाराचा फोटो चिकटवला."

"म्हणजे प्लायवर विनियर."

"अगदी तेच. पण एकच फोटो चाळीस दारांना लावला, म्हणून साहेब बोलले."

"बोलणारच! एकाच फळीची चाळीस दारं कुठे असतात का?"

"फळीचं नाही हो. तुम्ही दर वाढदिवसाला आमची उंची मोजून पेन्सिलीने खुणा करायचात ना, त्या सगळ्या दारांवर उमटल्यात. पुसून टाक म्हणाले."

"मग पूस."

"दादाच्या सातच आहेत, बाबा. आठवी करायला तो राहिलाच नाही."

"मला सांगतेस? ...यातली उघडतात किती?"

"एकच. बाकीची नुसती शोभेची."

"मग एकोणचाळीस पूस."

डॉक्टरांकडे पाठवायच्या पेशंटांच्या केसपेपरांत नर्सच्या हातात सगळ्यात वर म्हाताऱ्याचाच कागद होता. तिने तो खाली सरकवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.