समुद्र दाखवायला

कोरियातल्या मोक्पो शहरात, समुद्रावरून जाणाऱ्या रोपवेच्या रांगेत ऊन मी म्हणत होतं. एकट्याच आलेल्या तरुण युनसुकच्या पुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा उभे होते.

"आई, खाली आलो की एक जागा बघू. समोर समुद्र, चोवीस तास नर्स."

"वृद्धाश्रम म्हण की!"

"नुसतं बघायचं गं."

"म्हणून सकाळपासून लाड चाललेत! मासा काय, बर्फाचा गोळा काय!"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! तुझा बाप अंथरुणाला खिळला, तेव्हा कुठे होती रे तुझी नर्स?"

"तुझ्या सुनेला झेपत नाही आता."

"मग तसं घरी सांगायचं. समुद्र कशाला दाखवतोस?"

पाळणा आला. दारावरच्या माणसानं विचारलं, "किती जण?"

"मी एकटी. हा खालीच थांबेल," म्हातारी म्हणाली आणि युनसुककडे वळली. "तू चल गं पोरी."