तिसरी जागा

—नाहोआ? तो माउई बेटावर गेला, आंटी. तिकडच्या हॉटेलात. चांगलं काम मिळालं म्हणून — हो, अचानकच. तुम्ही बसा ना, तुमचीच खुर्ची ही, वडाखालची, दर वर्षीची. माय ताय ना? रम जास्त, बर्फ कमी, कागदी छत्री नको — माहितीये मला. त्यानेच शिकवलंय. मी धाकटा. चेहरा सारखा आहे, सगळेच म्हणतात. हात मात्र त्याचा नाही, बघा, अननसाची फोड परत वाकडी कापली.

त्या होड्या? हॉटेलचा कार्यक्रम असतो. दर गुरुवारी. सूर्य बुडताना, फुलांच्या माळा, शंख वगैरे — आज मंगळवार आहे? असं का. मग आज खास असेल काहीतरी. काढा ना फोटो, सगळेच काढतायत. तो लाल टोपीवाला बघा, गुडघाभर पाण्यात उतरलाय, आईला सांगतोय, जरा इकडे बघून हसा म्हणून.

आई म्हणालो का मी?

हो. पहिल्या होडीत पांढऱ्या कपड्यांत बसलीय ती आमची आई. मांडीवर विणलेली टोपली आहे ना, झाकणाची — त्यात नाहोआ आहे. माउईला नाही गेला तो. आमच्या मॅनेजर, तामाशिरो बाई, म्हणाल्या, लोक इथे सुट्टीवर येतात, त्यांना असलं ऐकवायचं नाही, कुणी विचारलं तर माउई म्हण. सहा आठवडे झाले, माउई माउई करतोय. परवा घरी एकाचा फोन आला तर त्यालाही म्हणालो — माउई. आई समोर भात वाढत होती. तिने नुसता चमचा खाली ठेवला.

नको, हात नका धरू, ग्लास सांडेल. रजा नाही मिळाली मला, म्हणून इथे. दुसरं काय कारण असणार?

बुडाला. पट्टीचा पोहणारा, आणि बुडाला. तिसऱ्या दिवशी सापडला, त्या पांढऱ्या लाटा फुटतात ना, तिथल्या खडकात. पण असा नाही बुडाला तो — म्हणजे, तुम्हाला नाही कळायचं. आमच्यात मासे मारायला निघालेला माणूस तसं म्हणत नाही. जरा फिरून येतो, एवढंच म्हणतो. माशांना कान असतात. आणि कुणी बोलूनच टाकलं तर त्या दिवशी पाण्यात पाय घालायचा नाही, सरळ घरी यायचं. आमचे आजोबा तर 'कुठे निघालात' विचारलं तरी शिव्या देत परत फिरायचे.

त्या सकाळी इथे पाळी त्याची होती. मला म्हणाला, तासभर उभा राहा रे माझ्या जागी, जरा फिरून येतो. टॉवेलात भाला गुंडाळलेला. मला कुठे जायचं होतं? कुठेच नाही. नुसताच राग. नेहमी मीच का, म्हणून. भरल्या बारमध्ये ओरडलो — फिरायला कसला, मासे मारायला चाललायस! दोन ऑक्टोपस आण, नाहीतर येऊच नकोस! त्या टेबलावरचे चौघे हसले. त्यांना वाटलं, आमची गंमत चाललीय.

तो थांबला, आंटी. खरंच थांबला. भाला या खांबाला टेकवला — हाच खांब. एप्रनला हात घातला होता त्याने, परत येत होता. आणि मी काय म्हणालो? काय रे, शब्दाला घाबरलास? म्हातारा झालास की!

त्याने भाला उचलला. गेला. पाठमोराच हसत होता, खांदे हलत होते.

कुणाला सांगितलं नाही हे. आईलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगितलं काय माहीत — तुम्ही रविवारी विमानात बसाल म्हणून असेल.

रजा? दिली होती हो बाईंनी. न मागता दिली. मीच आईला म्हणालो, नाही देत. ती बरं म्हणाली. बस, बरं. आता त्या होडीत मोजा — पुढून एक, दोन, मग रिकामी जागा. ती तिसरी माझी. चौथी नाहोआची, तिथे आई बसलीय. लहानपणापासून मी त्याच्या पुढे, आणि तो मुद्दाम माझ्या पाठीवर पाणी उडवणार. वळून शिवी दिली की म्हणायचा, पुढे बघ, माकडा.

निघत का नाहीत म्हणता? मीही तेच बघतोय मघापासून. बाकीच्या होड्या गेल्या पुढे. सूर्य टेकला पाण्याला, शंख दोनदा वाजला. आणि ही आपली तिथेच, काठाजवळ, डोलत. आई हाक नाही मारायची. वळून बघणारसुद्धा नाही.

कुठलं वल्हं? हे, काउंटरखालचं? सकाळी आणलं घरून. आणलं असंच. बर्फाच्या पेटीशी सारखं पायात येतंय.

तुमचा ग्लास घ्या, आंटी. दुसरा नाही मिळायचा. बार बंद. हो, आत्ता, सहा वाजताच बंद. हा एप्रन ठेवा तिथे. त्या लाल टोपीवाल्याला म्हणावं, बाजूला हो. आणि बाई आल्या, मी कुठे गेलो विचारायला लागल्या, तर —

नाही. काही सांगू नका. तुम्हीही विचारू नका. तोंड उघडू नका, आंटी, पाया पडतो. मी पाण्यात उतरेपर्यंत एक शब्द नको.