चष्म्याच्या दुकानात मुरुमं

...आणि बेचाळिसाव्या वर्षी मुरुमं कुणाला येतात हो? मला आली! हनुवटीवर, जबड्याच्या कडेनं, लाल, ठणकणारी. आणि नोकरी कुठली, तर चष्म्याच्या दुकानात. चारी भिंतींना आरसे, वर पांढरेफेक दिवे, आणि माझं काम काय, तर गिऱ्हाइकाच्या नाकाशी नाक भिडवून त्याच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. चष्मा तयार झाला की कानांवर मीच बसवायचा. मग माणूस मान वर करतो, कितीतरी वर्षांनी त्याला जग स्वच्छ दिसतं... आणि पहिलं काय दिसतं? माझं तोंड!

तुम्हाला सांगते, एक आजोबा तर बघतच राहिले. म्हणाले, "बाळ, कांजिण्या झाल्यात का गं?" आणि खुर्ची मागे सरकवली. मी वरवर हसले. मुरुमं कसली, रक्तातच काहीतरी भलतं झालंय, असं डोक्यात बसलं. फोनवर शोधलं, तर दोन मिनिटांत मी जवळजवळ मेलेच होते.

घरात काय, सगळेच वैद्य. आई म्हणाली उष्णता वाढलीय, नवरा म्हणाला तोंड नीट धूत नाहीस. मग मी खरखरीत साबणानं असं तोंड घासलं, असं घासलं की कढईसुद्धा कधी घासली नसेल. आणखी वाढली. शेवटी नणंदबाईंनी पर्समधून एक बिननावाची डबी काढली, आवाज अगदी खाली आणून म्हणतात कशा, "वहिनी, हे लावा, आठवड्यात तुकतुकीत." आत काय आहे विचारलं, तर म्हणे गुण आल्याशी मतलब.

आणि गुण आला हो! मी आरशांसमोरून मुद्दाम जायला लागले. मग डबी संपली, नणंदबाई गेल्या परगावी, आणि चेहरा जो पेटला... गाल लालभडक, पू धरलेल्या पुटकुळ्या, उशी टेकली तरी आग. मालक म्हणाले, थोडे दिवस मागच्या खोलीत बसून फ्रेमी पुसा. त्यांचंही बरोबरच, गिऱ्हाइकाला पहिलं काय दिसतं? माझं तोंड! मी पुसत बसले आणि रडत बसले. हा चेहरा आता असाच राहणार, दुसरं काही सुचेना.

शेवटी लेकच म्हणाली, "आई, तू जेवतेससुद्धा भिंतीकडे तोंड करून. मला भीती वाटते."

तेव्हा उठले. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, लेकीचा हात घट्ट धरून. त्यांनी दिवा धरला, मी डोळे मिटले. त्या म्हणाल्या, "मुरुमं आहेत."

"बाकी काही नाही?"

"बाकी काही नाही."

मग त्यांनी समजावलं. या वयात हार्मोन्स वरखाली होतात, कातडीतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात. मळाचा संबंध नाही, घासलं की उलट चिघळतं. आणि त्या डबीत बहुधा स्टेरॉइड, लावलं की दबतं, थांबवलं की दुपटीनं उसळतं. त्यांनी एक जेल दिलं, रात्री पातळ लावायचं, पुटकुळ्या फोडायच्या नाहीत, निदान तीन महिने धीर धरायचा. आणि जाता जाता म्हणतात, सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल, घाबरू नका. घाबरू नका! अहो, मी तोवर दुसरं केलं काय होतं?

वाढलीच. कातडी सोलली, मी ट्यूब फेकायला निघाले. लेकीनं ती हातातून काढून घेतली आणि रोज स्वतः वाटाण्याएवढं जेल माझ्या बोटावर देत गेली. हळूहळू ठणका गेला, पुटकुळ्या बसल्या, चार काळे डाग राहिले. मालकांनी पुन्हा पुढे बसवलं.

काल एका बाईंना नवा चष्मा घातला. त्यांनी मान वर केली... पहिलं काय दिसतं? माझं तोंड! बराच वेळ बघितलं त्यांनी, आणि मग अगदी मायेनं म्हणाल्या, "किती पांढरे केस झालेत हो तुमचे."

डॉक्टरीणबाईंना विचारलं, यावर काही जेल? म्हणाल्या, नाही, ते वयानं होतं. म्हणजे बघा, मुरुमं सोळाव्या वर्षाची, केस साठीचे... माझं स्वतःचं वय मधल्यामध्ये कुठं गेलं, कुणास ठाऊक.