भोंगा कुणाचा

आमचं मूळ गाव अक्कलकोटाच्या खालतं, कर्नाटकाच्या शिवेला टेकल्यालं. घरात कानडी, शाळंत मराठी, आन् शिव्या दोन्हीत, असा मी वाढलो. बाप मी रांगत हुतो तवाच गेला, आईबी मग लई दिस ऱ्हाली न्हाय. थोरले भाऊ, आमी त्येस्नी अण्णा म्हंतो, त्ये सोलापुरात गिरणीत हुते, साच्यावर, साचा म्हंजे कापड इनायचा माग. त्येनी मला बोटाला धरून हितं आणलं, चाळीतल्या एका खोलीत. तवा वैनी नुकत्याच नांदायला आलत्या, मोहोळाकडच्या, त्येस्नी कानडीचा एक शबूद येत न्हवता, आन् पदरात काय पडलं तर नवऱ्याचा धाकटा भाऊ. कदी वाकडं तोंड केलं न्हाय बाईनं. हे पयलं लिवा मास्तर, मशिनीचं मग लिवा.

तुमी मशिनीचंच इचारायला आलाय, मला ठावं हाय. भोंगेवाला शिवा कुटं ऱ्हातो म्हनून कुणालाबी इचारा, दारापातूर आणून सोडत्यात. आता भोंगा म्हंजे सोलापुरात दोन. एक गिरणीचा, त्यो वाजला की गाव उटायचं, ज्येच्या घरात घड्याळ न्हाय त्येचं घड्याळ त्योच. आन् दुसरा माजा, लाऊडस्पीकरचा, पत्र्याचा कर्णा, त्येलाबी लोक भोंगाच म्हंत्यात. दोघांचं नाव एकच पडलं, आन् तितंच सगळा घोळ झाला. म्या तर नाव कमावलं त्यात, वाटोळं झालं त्ये अण्णांचं.

मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तितं मेहबूब भेटला, माजा दोस्त, अजून संगं हाय. दुकानात मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर आलता एक दुरुस्तीला, त्यो बगून मी खुळाच झालो. बोललं की पट्टीवर बसतंय, पुन्ना लावलं की पुन्ना ऐकू येतंय. घरी येऊन तीच टकळी. शेवटी अण्णांनी दिवाळीचा बोनस घातला आन् जुना एक घेऊन दिला, वैनींचं लुगडं त्या सालाला ऱ्हाऊन गेलं. काय सांगू तुमास्नी, मला तवा लुगड्याचं काय सुदीक वाटलं न्हाय, आता वाटतंय.

मग मी आन् मेहबूबनं आमचं लाऊडस्पीकरचं दुकान घातलं, लगीन म्हना, बारसं म्हना, गड्ड्याच्या जत्रंतला पाळणा म्हना, आमचे भोंगे. पन नुसत्या तबकड्या लावायचा मला कटाळा. मी तेलगू हातमागवाल्यांच्या घरी जायाचा, मागावरल्या धोट्याची खटखट मशिनीत भरून आणायचा. हलगी भरायचा, वैनींचं जातं भरायचा. मग ब्लेडनं पट्टी कापायची, फुडचं मागं, मागचं फुडं, आन् चिकटवायची. चकती हळू फिरवली की हलगी गडगडायची. दोन मशिनी शेजारी ठिवून एकीतली पट्टी दुसरीत वढली की एकच आवाज परत परत यायचा, खोल हिरीतनं आल्यासारका. रेडिओच्या भंगारातनं एक डबी केली, बटण फिरवलं की रडायची ती, सूर धरून रडायची. लोक म्हनायचे, शिवा, ह्यो कसला बाजा, ह्यात वाजवणारा कुटं दिसंना. मी म्हनायचो, वाजवणारा मीच की, हात तेवडे ब्लेडवर. नाचायचे मातर सगळे.

तेवड्यात गिरणी बंद पडायची बोली उटली. अण्णांनीच सांगितलं मला, शिवा, ह्यो भोंगा आता गप व्हनार बग, तुज्या मशिनीत ठिवून घे त्येला. मी फाटंच्या पाळीला मशिन दारात ठिवली आन् भरला. लांबलचक भोंगा, आन् त्यो सरता सरता वैनींची हाक, चुलीपासनं, अवं उटा, भोंगा झाला. रोज सकाळी त्या अशीच हाक मारायच्या. मी ती हाक कापली न्हाय, मला ग्वाड वाटली. अण्णा तर उटूनच बसले हुते, हसाय लागले, म्हनले आता तुजी वैनी गिरणीपेक्षा मोठी झाली.

फुडं थोड्याच दिसांत गिरणी बंद. कुलूप लागलं. चाळीतली मानसं दिसभर ओट्यावर, कोन कुटं मजुरीला, कोन गावाकडं परत. अण्णा सकाळी उटायचे, दाढी करायचे, टोपी घालायचे आन् बसायचे. घर आता माज्या भोंग्यावर चालत हुतं. म्हनजे ज्येनी मला वाढवलं त्येस्नी मी खाऊ घालत हुतो, आन् त्येस्नी त्ये ग्वाड लागत न्हवतं, आन् मलाबी न्हाय.

गणपतीला आमच्या मंडळाला काय तरी नवं पायजे हुतं. मी त्यो भोंगा काडला, त्येच्या खाली धोट्याची खटखट घातली, हलगी घातली, आन् मदी मदी वैनींची हाक, उटा, भोंगा झाला, उटा, भोंगा झाला. सकाळच्या पारी कर्णे टांगून झाले, म्हनलं जरा लावून तर बगू. लावला. मला वाटलं पोरं गोळा व्हतील. तर खोल्यांची दारं उगडली, आन् मानसं कापडं चढवत बाहीर, कुणाच्या हातात शिळी भाकरी बांधल्याली, कुणी अनवाणी, सगळी गिरणीच्या दिशेनं. मी वरडतोय, अवं माजा हाय, माजा भोंगा हाय, तर त्येच कर्णे वाजत असताना माजं कोन ऐकतंय. गेटावर कुलूप बगून परत आली. मला वाटलं आता मार खातोय. पन कुनी बोट लावलं न्हाय. अण्णाबी गेलते. आले आन् म्हनले, बऱ्याच दिसांनी पाय आपसूक चालले रं. येवडंच.

आन् सांजच्याला तीच मानसं माज्याफुडं, शिवा, त्यो भोंगा लाव की. झालं. गाणं गाजलं. लग्नात भोंग्याचं गाणं, जत्रंत भोंग्याचं गाणं, बारक्या पोरी झिम्मा खेळताना म्हनायच्या, उटा, भोंगा झाला. वैनींस्नी बाया चिडवायच्या. गिरणी बंद ती बंदच, पन भोंगा रोज कुटं ना कुटं वाजायचा, माजा. आदी मानसं दचकायची, मग दचकायची बंद झाली, मग नाचाय लागली. मला वाटायचं मी मोठं काम केलं, रडू हुतं त्येचं हसू केलं. आता वाटतंय, एक आवाज हुता मानसांच्या पोटापान्याचा, म्या त्येचा इश्वासच घालवला.

मग बोली आली की सरकार गिरणी घेतंय. आशी बोली दर म्हयन्याला यायची, पन ह्या खेपंला गेटावरचा वाचमन सांगाय लागला की बाॅयलर धुतायत. कापूस थोडा हाय, साचे निम्मेच चालनार, जो आदी ईल त्येला कायम घेनार, मागनं येनाऱ्याला बदली. बदली म्हंजे कायमचा मानूस आला न्हाय तर त्येच्या जागी. तारीख कुनालाच म्हाईत न्हाय, वाचमन म्हनायचा भोंगा झाला की या. अण्णांनी खाकी चड्डी धुऊन दांडीवर घातली. रोज हात लावून बगायचे, वाळली का.

त्या दिसाला पलीकडच्या गल्लीत तेलगू लोकांचं लगीन. कर्णे आमीच टांगल्याले. पट्टी मेहबूबकडं दिली हुती, उजाडायला लाव म्हनून. मी घरी येऊन आडवा झालो. फटफटायला लागलं आन् भोंगा झाला. लांबलचक. आन् त्येच्या मागनं वैनींची हाक, अवं उटा, भोंगा झाला. अगदी माज्या पट्टीवर हाय तशी. अण्णा झोपंत असले की कानडीच बोलत्यात, उटून बसले आन् इचारलं, यारदो, शिवा? म्हंजे कुणाचा रं? येक पाय चपलंत घातला हुता त्येनी, मी डोळं किलकिलं करून बगितलं, येक पाय चपलंत. आन् मीबी कानडीतच म्हनलो, नंदु, अण्णा. माजाच हाय. निजा.

निजले की त्ये. माज्यावर भरवसा ठिवून निजले. वैनींनी तवा टाकला हुता त्यो उतरून ठिवला. चाळीच्या भिंती पत्र्याच्या, शेजारच्यांनीबी ऐकलं की शिवाच म्हंतोय, तर मग त्योच आसंल, त्येबी निजले.

जरा येळानं मेहबूब आला, डोळं चोळत. मी म्हनलं, लवकर लावलास रं. त्यो म्हनला, क्या लगाया? मैं तो अब्बी मशीन खोल्याच नै. तुजेच बुलाने आया मैं. म्हंजे भोंगा गिरणीचा हुता, आन् वैनींची हाकबी चुलीपासनंच आलती.

मी अण्णांकडं बगितलं. अण्णा आदीच उटून बसले हुते. चड्डी चढवली, चपला घातल्या, आन् गेले. पळत गेले, ह्या वयाला. मी मागनं. गेटावर ही गर्दी, जुन्या चाळीची मानसं, ज्येस्नी माजं बोलणं ऐकू गेलं न्हवतं, ती सगळी आत, जाॅबर म्हंजे साच्यांवरचा मुकादम, त्यो दार लावत हुता. आमच्या गल्लीतली भाईरच ऱ्हायली. अण्णा जाॅबरला म्हनले, मी सायेब साच्यावर हुतो, कायम हुतो. जाॅबर वळखीचाच, मान खाली घालून म्हनला, अण्णा, आज बदलीत लिवतो. मी फुडं होऊन सांगाय लागलो, त्येंची चूक न्हाय, माजी हाय, मी सांगितलं निजा म्हनून. तर अण्णांनी माजा दंड धरला आन् सगळ्यांफुडं म्हनले, त्येचं नका ऐकू, मलाच आज जाग आली न्हाय.

मास्तर, त्येनी मला तितं येक मुस्काटात दिली असती तर मी आज बरा असतो.

त्या गाण्याची पट्टी मी जाळाय काडली हुती. वैनींनी हातातनं घेतली. म्हनल्या, माजा आवाज हाय त्येच्यात, माज्या आवाजाला काडी लावतो का. आता ती फडताळात हाय, साखरंच्या डब्यामागं. लोक येत्यात, भोंग्याचं गाणं मागत्यात, मी म्हंतो पट्टी तुटली. दुसरी गाणी करतो, खटखट हाय, हलगी हाय, पोट चालतंय. भोंगेवाला म्हनून नाव हाय त्ये काय सुटत न्हाय. कुनी हाक मारली की मी वळून बगतो.

अण्णा अजून बदलीतच हायेत. रोज जात्यात, गेटाशी उबे ऱ्हात्यात, कुणाचं प्वार आजारी, कुणी गावाला गेला, तर आत घेत्यात. न्हाईतर डबा तसाच परत. वैनी त्यो डबा उगडून आमाला वाढत्यात. पण अण्णांचं माज्यावरलं मन पातळ झालं न्हाय, उलट मीच त्येंच्या नजरंला नजर देत न्हाय, त्येस्नी त्ये कळतंय. सणाला पाया पडलो तर डोक्यावर हात ठिवून म्हनले, औक्षवंत हो, आन् जरा झोपत जा, डोळं बग कसं झाल्यात.

पन झोप कुटली. फाटंच्या पाळीच्या आदीच मी जागा असतो, आढ्याकडं बगत. भोंगा होतो. वैनी हाक मारत्यात. आन् अण्णा, रोज हां मास्तर, एक दिस चुकत न्हाय, अंथरुणातनं झोपंतच इचारत्यात, यारदो, शिवा? टोमणा न्हवं त्यो, देवाशपत, त्येस्नी अजूनबी माजंच ऐकून उटायचं असतं. मी म्हंतो, गिरणीचा हाय, अण्णा. उटा.