कडवं संपेपर्यंत

फिलिपिन्समधल्या कोरोन बेटाच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी माझ्याच गावची अमिहान आणि तिचा इस्कोमामा. बुडालेल्या जहाजांत पाणबुड्यांना नेणं हाच त्याचा धंदा.

"मामा, मला आता पाठीवर हवेच्या एकाऐवजी दोन टाक्या हव्यात! आधी जहाजाच्या पोटात, मग इंजिनघरात, मग त्याहून खोल!"

"खाली दगडही जातो. वर कशी येशील?"

"येईन की सरळ!"

"सरळ आलीस तर रक्तात बुडबुडे होतील, बाई. वाटेत दोर धरून गप्प थांबावं लागतं. तू जेवतानासुद्धा तीनदा उठतेस!"

"पवित्र आठवड्यात येशूचं आख्यान गायला दिवसभर बसले होते ना? दोराशी तेच मनात म्हणेन."

"म्हण बघू आत्ता."

तिनं डोळे मिटून सूर लावला. माझेही ओठ हलू लागले. तेवढ्यात बोट लागली, एकच धावपळ उडाली.

"अगं ऊठ, पुढची जागा जाईल!" मी तिला हलवलं.

तिनं नुसता हात वर केला. कडवं पुरं केलं, मगच डोळे उघडले.

"गेली ना जागा!"

"जाऊ दे. दुसरी टाकी कधी, मामा?"

"उद्या सकाळी. आणि पुढचं कडवंही पाठ करून ये. खाली थांबणं कधीकधी लांबतं."